बटूच्या हातावर पाणी

वेणुगोपाळरावांच्या दुसऱ्या लग्नात सगळ्यांत जास्त फायदा कोणाचा झाला असेल, तर तो त्यांच्या पहिल्या बायकोचा.

एकेकाचं बघा. वेणुगोपाळराव पाटबंधारे खात्यात इंजिनियर. कावेरीच्या कुठल्या कालव्याचं दार कधी उघडायचं आणि कधी पाडायचं, हे ठरवणारे. त्यांना वेळेवर कॉफी, वेळेवर सारभात आणि रडणारं मूल उचलून घेणारं माणूस मिळालं. दीड वर्षाच्या दिव्यश्रीला मांडी मिळाली. पापनाशमच्या वत्सलेचं लग्न जमता जमता तिच्या दोन धाकट्या बहिणी उजवून गेल्या होत्या. तिला बिजवर का होईना, नवरा मिळाला. पण हे सगळं एकदाच मिळून संपलेलं. पहिली बायको, प्रीति, सव्विसाव्या वर्षी चार दिवसांच्या तापात गेली. तिला मात्र तेव्हापासून रोज मिळत राहिलं.

कारण या घरातली रीत. दुसरेपणावर आलेल्या बाईच्या गळ्यात सवतीची पुतळी बांधायची. गव्हाच्या दाण्याएवढी सोन्याची बाई, काळ्या दोऱ्यात. नवी साडी आली की पदर आधी पुतळीला लावायचा, मग नेसायची. फुलं आधी तिला, मग केसांत. पानातला पहिला घास गळ्याशी न्यायचा, पुतळीला टेकवायचा आणि मगच तोंडात. म्हणजे गेलेली रुसत नाही, घरभर हिंडत नाही. वत्सलेचा हात या कामाला इतका सरावला होता की नव्या माणसाला वाटे, या बाईंना जेवायच्या आधी गळा खाजवायची खोड आहे.

शब्दसुद्धा पहिला तिलाच गेला. दिव्यश्री बोबडं बोलायला लागली आणि वत्सलेकडे हात करून "आई" म्हणाली, तेव्हा वत्सलेने तिची हनुवटी धरून तोंड भिंतीवरच्या फोटोकडे वळवलं. "ती आई. मी अम्मा."

एक गोष्ट मात्र रीतीत नव्हती, वत्सलेची स्वतःची होती. पितृपक्षात अविधवा नवमी येते, नवऱ्याआधी गेलेल्या बायकांची. त्या दिवसाच्या आधी वत्सला दरवर्षी आसारीकडे, म्हणजे सोनाराकडे जाई आणि आपल्या बांगडीतलं गुंजभर सोनं पुतळीत घालून आणी. कशासाठी, हे कोणी विचारलं नाही. विचारायचं ते वेणुगोपाळरावांनी, आणि त्यांना ठाऊक होतं.

गंमत अशी की पुतळी मोठी होईना. आसारीवर संशय घ्यावा, तर काट्यावर वजन भरत होतं. वत्सला समोर बसून बघे. पुतळी जड होत गेली आणि दिसायला उलट बारीक. नाकडोळे आत ओढल्यासारखे झाले. वत्सलेच्या मानेवर दोऱ्याचा वळ पडला, तो पुढे कधी गेला नाही.

लग्न होऊन आली तेव्हा वत्सला ऐसपैस बाई होती. दारात उभी राहिली की माजघरात अंधार व्हायचा. हसायची तेव्हा झोपाळ्याच्या कड्या वाजायच्या. आता तिच्या बांगड्या हात वर केला की कोपरापर्यंत घसरत. भिंतीवर दोन फोटो शेजारी शेजारी. वत्सलेच्या लग्नाचा पिवळा पडून त्यातली वत्सला ओळखू येईना. प्रीतीचा त्याहून जुना, पण काल धुऊन आणल्यासारखा.

शेजारची वाणी हे बोलून दाखवायची. वाणी दर नवमीला या घरची सवाष्ण; तिच्या वाट्याला वर्षातून एक साडी आणि एक पोटभर जेवण ठरलेलं, त्यामुळे या घरात तिचं बारीक लक्ष.

"मामी, दोन्ही फोटो एकाच भिंतीवर ना? मग ऊन एकालाच कसं लागतं?"

"तिची काच चांगली आहे गे," वत्सला म्हणायची.

या ऑगस्टात वत्सलेच्या गळ्याला गाठ दिसली. बरोबर पुतळी टेकते तिथे. डॉक्टरांनी चाचपून, चित्रं काढून सांगितलं की गाठ श्वासनळीवर दाब देते आहे, काढायलाच हवी, आणि दिवाळीपर्यंत थांबलात तर पुढचं मला विचारू नका. भरतीच्या दिवशी गळ्यातलं सगळं उतरवून या.

"सगळें म्हणजे?" वत्सलेने विचारलं.

"सगळं म्हणजे सगळं, अम्मा. तुम्हाला पडून राहायचंय, मिरवायचं नाही."

"मग नको," म्हणाली आणि उठून आली.

दिव्यश्रीला बंगळुरूहून बोलावून घेतलं ते यासाठी. ती तिथे एका संस्थेत ताऱ्यांचा अभ्यास करते. सगळ्या ताऱ्यांचा नाही. माणूस जितकं शिकतो तितकं क्षेत्र आखडत जातं. ती फक्त जोड्यांचा अभ्यास करते, आणि जोड्यांतही ज्यातला एक मेलेला आहे अशांचा. या घरात वाढलेल्या मुलीने हाच विषय का निवडला, हे तिला कोणी विचारलं नाही, आणि तिला स्वतःला तर मुळीच सुचलं नाही.

आली त्या सकाळी ती स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होती. पितळी फिल्टरमधून कॉफीचं डिकॉक्शन खालच्या भांड्यात थेंब थेंब गळत होतं. गाठीचं बोलायला आली होती, पण वत्सलेने आधीच दुसरीकडून सुरुवात केली.

"काय करितेस गे तिकडे दिवसभर? नीट सांग. वाणी विचारते, मला सांगतां येत नाही."

"एक मेलेला तारा आहे, अम्मा. त्यातलं जळायचं ते जळून झालं, उरला तो गाभा. आकार पृथ्वीएवढा आणि वजन सूर्याएवढं. त्याला श्वेत बटू म्हणतात."

"बटू? मुंज झालेला?" वत्सला हसली. हसताना गाठ वरखाली झाली. "बटू म्हटला कीं तीन पावलें मागणार. मागून मोकळा होणार. पुढे सांग."

"त्याच्या शेजारी त्याची जोडीदार. ती जिवंत आहे, पण म्हातारपणी फुगून अवाढव्य झालीये. तांबडी. राक्षसी तारा म्हणतात तिला."

"हो, मोठ्या बाईला आणखी काय म्हणतील."

"ऐक ना. तिचा वरचा थर इतका सैल असतो की तिचा तिलाच धरवत नाही. दोघांच्या मध्ये एक हद्द असते. थर हद्दीपलीकडे गेला की तो तिचा राहिला नाही. बटूच्या बाजूला वाहायला लागतो. कधी नुसती वाफ सुटते तिच्या अंगावरून, तीसुद्धा तो गोळा करतो."

झोपाळ्यावरून वेणुगोपाळरावांनी पेपर खाली न घेता विचारलं, "दार कोण उघडतं?"

"दारच नाही, अप्पा. ती ओसंडते. आणि ते सरळ पडत नाही, त्याच्याभोवती फिरत राहतं, तबकडीसारखं. फिरत फिरत आत उतरतं आणि त्याच्या अंगावर साचतं."

"आणि तो माजतो," वत्सला म्हणाली.

"नाही! तीच गंमत. जितकं साचतं तितका तो आक्रसतो. जड होत जातो आणि लहान होत जातो."

वत्सलेचा हात गळ्याशी गेला आणि तिथेच थांबला. फिल्टरचे दोनतीन थेंब पडले.

"आणि एवढें खाऊन करितो काय?"

"थर फार झाला की एक दिवस पेटतो. जिथे काही दिसत नव्हतं तिथे तारा दिसतो, लोकांना वाटतं नवा जन्मला. साचलेलं सगळं फेकून देतो. मग विझतो. आणि पुन्हा पहिल्यापासून."

"फेकितो तें तिला परत मिळतें?"

"नाही. तिला काही मिळत नाही."

"हं." वत्सलेने दूध उतरवलं. "बटूचा दोष नाही हो यांत. तो आपला उभा आहे. तीन पावलें दिलीं, तीही चूक नाही. चूक त्याच्या आधींच होते. हातावर पाणी सोडलें कीं मग परत घेतां येत नाही." पेला वर करून, पुतळीला लावून, तिने एक घोट घेतला. "आणि तिथें तिसरा असला तर? जवळपास? लहान?"

"तिसरा? असतो कधीकधी. पण लांब असतो. जवळ आला तर टिकत नाही. एक तर बाहेर भिरकावला जातो..."

"नाहीतर?"

"नाहीतर गिळला जातो."

"मग मोठीनें मध्यें उभें राहावें," वत्सला म्हणाली. "तूं बंगळुरांत आहेस तें बरें आहे."

दिव्यश्री हसली आणि मुद्द्यावर आली. मुद्द्यावर आल्यावर दोघींचं हसणं संपलं.

"दोन दिवस काढून ठेव ना ती पुतळी! फोटोला अडकवू. तिचाच तर फोटो आहे."

वत्सलेने पुतळी मुठीत धरली. "फोटोला नाही."

"मग डबीत?"

"अय्यो, गप्प बस गे! रिकामी ठेविली तर ती जाईल कुठें, हें सांग आधीं. सांगतां येतें? तुझ्या दुर्बिणींत दिसतें?"

संध्याकाळी वेणुगोपाळराव फिरायला महामहम तळ्यावर गेले, तेव्हा दिव्यश्री मागोमाग गेली. घाटाच्या पायरीवर बसून त्यांनी चप्पल काढली, शेजारी नीट जोडून ठेवली आणि जे सांगायचं ते पाण्याकडे बघत सांगितलं. कठीण गोष्ट सांगताना ते नेहमी पाण्याकडे बघतात.

"तुझी आई गेल्यावर तू दूध सोडलं होतंस. तिन्हीसांजेला रांगत रांगत माजघराच्या कोपऱ्यात जायचीस आणि रिकाम्या जागेकडे हात करायचीस, घ्या म्हणून. अंग गरम. माझी आई म्हणाली, गेलेली मुलीला नेणार. वत्सलेला बघायला गेलो तेव्हा मी यातलं काही लपवलं नाही. पुतळी बांधावी लागेल, हेही सांगितलं." न लपवल्याचा अभिमान त्यांच्या आवाजात अजून होता. "ती म्हणाली, घेऊ दे माझ्याकडून. बांधली, आणि तू दूध प्यायला लागलीस."

"अप्पा, मुलं आजारी पडतात आणि बरी होतात."

"होतात. तू तीन वर्षांची असताना दोरा तुटला. कावेरीत आंघोळ करताना. पुतळी हाताला लागली, पण नवा दोरा आणून बांधेपर्यंत दुपार झाली. तेवढ्यात तू डोळे फिरवलेस. मुठी वळल्या, ओठ निळे. फोटोकडे मान करून. त्या वर्षापासून ती बांगडीतलं सोनं घालायला लागली."

तापातलं फेफरं लहान मुलांत सर्रास येतं, हे दिव्यश्रीने त्यांना नीट समजावून सांगितलं. सांगताना तिने पदर खांद्यावरून ओढून घेतला. वारा नव्हता.

"आणि तुम्ही?" तिने शेवटी विचारलं. "तुम्ही काय दिलंत?"

वेणुगोपाळरावांना प्रश्न खरोखर कळला नाही. "मी? पुरुषाच्या गळ्यात पुतळी बांधत नाहीत."

दुसऱ्या दिवशी ती मठातल्या राधाकृष्णाचारांकडे गेली. घरचं श्राद्धपक्ष तेच करत. म्हातारे ओसरीवर दर्भ निवडत होते. तिने थोडक्यात विचारलं: पुतळी चार दिवस माझ्या गळ्यात राहिली तर चालेल का?

"सवतीची पुतळी मुलीच्या गळ्यात, असं शास्त्रात नाही," आचार म्हणाले. मग दर्भाची एक काडी मोडून बघितली. "नको असंही नाही. घरातली बाई आहेस, अंग उबदार आहे, राहील. पण तू डबी आहेस हे ध्यानात ठेव. डबी नुसती सांभाळते, खायला घालत नाही. आपल्या पानातलं जिने एकदा दिलं, तिच्याशी व्यवहार सुरू. मग ती डबी राहिली नाही."

"एवढंच? सोपं आहे."

"सोपंच असतं, बाळ," ते म्हणाले आणि पुढची काडी उचलली.

वत्सलेला पटवायला जास्त वेळ लागला. शेवटी गाठीनेच पटवलं. एका पहाटे श्वास अडकून ती अंथरुणात उठून बसली आणि बराच वेळ तिला बोलता येईना. बोलता आलं तेव्हा दिव्यश्रीचं मनगट धरून म्हणाली, "शपथ घे. पाणीसुद्धां लावायचें नाही तिला. फूल नाही. घास तर नाहीच नाही."

"अम्मा, मी पीएच.डी. आहे."

"म्हणूनच सांगतें."

भरतीच्या दिवशी इस्पितळाच्या खोलीत वत्सलेने मान वाकवली आणि दोऱ्याची गाठ सोडून पुतळी दिव्यश्रीच्या गळ्यात बांधली. चमचाभर बटू किती टन भरेल, हे दिव्यश्रीने कागदावर कितीदा काढलं असेल. तरी दोऱ्याने तिची मान एकदम खाली आली तेव्हा ती दचकली. पुतळी थंड होती. अंगाला लागून राहिलेलं सोनं थंड कसं, हा प्रश्न तिला पडला आणि तेवढ्यात स्ट्रेचर आलं.

गाठ निघाली. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले की काळजीचं कारण नाही, फक्त घरी सोडायला चार दिवस लागतील. त्या दिवसांत नवमी येत होती. वत्सलेला बोलायला मनाई. तिने खुणेने कागद मागून त्यावर वाणीच्या साडीचा रंग लिहिला. म्हणजे नवमी चुकवायची नाही. खाली दुसरी ओळ लिहिली: तूं आधीं जेवून घे, दूर बसून. ही ओळ दिव्यश्रीने वाचली, पण नवमीच्या दिवशी घरात इतकी धावपळ की सकाळपासून तिच्या पोटात पाणीसुद्धा गेलं नाही. रात्रभर इस्पितळाच्या बाकावर बसून आलेली. आचारांनी विधी केला, वाणी नवी साडी नेसून सवाष्ण म्हणून जेवली, विडा घेऊन झोपाळ्यावर बसली. आणि मग उशिरा घरच्यांची दोन पानं मांडली गेली. एक वेणुगोपाळरावांचं, एक दिव्यश्रीचं. पुतळी गळ्यात आल्यापासून ती पानावर बसत होती ती आज पहिल्यांदा.

भात, वर तूप, त्यावर वरण. वाफ.  तिने भात कालवला, घास केला, हात वर आला, गळ्याशी थांबला, पुतळीला टेकला, आणि घास तोंडात गेला.

तिने काही ठरवलं नव्हतं. तिचं लक्षही नव्हतं. आयुष्यभर पानावर समोर बसून जे बघितलं, ते हाताने केलं. गळ्यात पुतळी आहे, तर पहिला घास असाच खातात; हाताला दुसरं काही माहीतच नव्हतं.

वाणीने बघितलं. तिच्या दातांत विडा तसाच राहिला. ती पाहुणी, या घरातल्या गोष्टीत तिने बोलावं की नाही, याचा विचार करता करता तिची वेळ गेली.

वेणुगोपाळरावांनीही बघितलं. आचारांनी काय सांगितलं होतं ते त्यांना दिव्यश्रीने घरी येऊन हसत हसत सांगितलं होतं, म्हणजे माहीत नव्हतं असं नाही. पहिला घास म्हणजे चूक. सांगितलं असतं, पान बदललं असतं, आचार अजून गल्लीच्या तोंडाशी होते, काही तोड निघाली असती. दुसरा घास कालवायला तिला वेळ लागला, पापड मोडला, लोणचं घेतलं. एका शब्दाला पुरेल इतका वेळ होता. दार नेमकं कधी पाडायचं हे ओळखण्यात या माणसाची अख्खी नोकरी गेली. त्यांनी ताकाची वाटी उचलली आणि तोंडाला लावली. वाटीआड त्यांनी काय मोजलं असेल? वत्सला मोकळी होईल. मोकळी वत्सला म्हणजे आणखी वीस वर्षं वेळेवर कॉफी. मुलगी तर बंगळुरूला असते.

दुसरा घास वर गेला, टेकला, तोंडात गेला.

तिसऱ्याला दिव्यश्रीला पुतळीवर तुपाळ शीत दिसलं. तिने बोटाने पुसलं. पुतळी उबदार होती. माजघरातल्या कोपऱ्याकडून मरव्याचा वास आला. मरवा त्या दिवशी कोणी आणला नव्हता.

"काय झालं?" दोघांचे डोळे आपल्यावर बघून तिने विचारलं.

"काही नाही," वेणुगोपाळराव म्हणाले. "जेव."

वत्सला घरी आली ती गळ्याला पट्टी बांधून, पण डोळ्यांत उजेड घेऊन. पट्टी सुटली त्या दिवशी तिने पहिली गोष्ट मागितली ती पुतळी. दिव्यश्रीने दोरा सोडला आणि तिच्या गळ्यात बांधला. वत्सलेने हाताने पुतळी उचलून पाहिली, सोडली, पुन्हा उचलली.

"हलकी लागते गे."

"इतके दिवस गळा मोकळा होता, म्हणून वाटतं."

"जड वाटायला हवी मग." वत्सलेने कॉफीचा पेला घेतला, पुतळीला लावला आणि थांबली. पहिल्या घोटाला मानेला जो बारीकसा हिसका बसायचा, ज्याबद्दल तिने कधी कोणाला सांगितलं नव्हतं, तो बसला नाही. सोनं सोन्यासारखं लोंबत होतं.

तिने मान वर केली. ओट्यापाशी दिव्यश्री तिच्याकडे पाठ करून उभी होती. तिने आपला पेला उचलला, उघड्या गळ्याशी नेला, तिथे काही नव्हतं तिथे टेकवला, आणि प्यायली. मानेवर केसांच्या खाली दोऱ्याएवढा काळा वळ होता.

"किती घास?" वत्सलेने विचारलं.

दिव्यश्री वळली. "काय?"

"नवमीला. किती घास दिलेस?"

"अम्मा, अगं, नुसती सवय. तुझ्याकडे बघून लागलेली. हात आपोआप जातो."

"किती?"

"दोन."

वत्सला खाली बसली. ओरडली नाही, टाके ताजे होते आणि ओरडायला काही उरलं नव्हतं. "माझ्याकडे बघून," ती म्हणाली. एवढंच दोनतीनदा म्हणाली. मग नवऱ्याकडे वळली. "तुम्हीं कुठें होतां हो?"

"मी? पानावरच होतो," वेणुगोपाळराव म्हणाले.

मग हिवाळ्यात वत्सला आसारीकडे गेली आणि उरलेल्या दोन्ही बांगड्या पुतळीत घालून मागितल्या. घातल्या तशी पुतळी मोठी झाली, जेवढी व्हायला हवी तेवढी, बोराएवढी. आसारी खूश झाला. म्हणाला, आता कुठे काम दिसतंय. वत्सला ती गळ्यात घालून रोज पहिला घास लावते, फुलं लावते, नव्या साडीचा पदर लावते, घे म्हणते, माझ्याकडून घे. पूर्वी लावताच कोमेजणारी फुलं आता दुसऱ्या दिवशीही ताजी असतात.

दिव्यश्री रोज सकाळी बंगळुरूहून फोनवर दिसते. तिच्या जोडीतली राक्षसी बाई अंदाजापेक्षा वेगाने सरते आहे म्हणते, खूप काम आहे म्हणते. कॉफीचा पेला हातात असतो. प्यायच्या आधी तो क्षणभर चौकटीच्या खाली जातो. गळ्याची हाडं या महिन्यात मागच्या महिन्यापेक्षा जास्त दिसतात. वत्सला इकडून बघते आणि म्हणते, "जरा जेवत जा गे." ती म्हणते, "जेवते ना, अम्मा."

तर शेवटची बेरीज. वाणीला साडी मिळाली, निळी. वेणुगोपाळरावांना दोन्ही वेळची कॉफी वेळेवर मिळते, आणि ती करणारी पुन्हा पहिल्यासारखी भरते आहे. त्यांनी कधी काही दिलं नव्हतं, याही वेळी नाही. प्रीतीने एकदाच दिलं, जीव, त्या चार दिवसांच्या तापात, त्यानंतर फक्त घेतलं. वत्सलेने अठ्ठावीस वर्षं दिलं ते एका मुलीसाठी, आणि ती मुलगी दोन घासांत गेली. वत्सलेच्या अंगावरचं मांस मात्र परत आलं, न मागता. त्यापुढचं दिव्यश्री देते आहे, रोज, पहिल्या घोटाला.